छेत्रीला परत बोलावलं ते बरोबर होतं का? शिलाँग ते फातोर्डा, एका कमबॅकचं प्रकरण

१४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. भात अर्धं कापलेलं, अर्धं उभं, आणि परतीचा पाऊस कधी येईल याचा नेम नाही अशा दिवसात आम्ही तिघे सावंतवाडीहून मडगावला मॅच बघायला निघालो. घरच्यांच्या शिव्या खाऊनच निघालो. गाडी दादा चालवत होता, म्हणजे माझा चुलत भाऊ, वय ४३, एरवी मासळीचा टेम्पो चालवतो. मागे पुतण्या, वय १९, कानात इयरफोन. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत गेलो, रस्त्याच्या कडेला नरकासुरांचे सांगाडे उभे राहिलेले, दिवाळी आठवड्यावर आलेली. कुठे नुसती लाकडी चौकट, कुठे गवत भरून झालेलं, मुंडकं अजून लावायचं बाकी.

मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत विरुद्ध सिंगापूर होती, आशियाई कपची क्वालिफायर. ग्रुपमधून एकच टीम पुढे जाणार, २०२७ ला सौदीत, त्यामुळे जिंकलो नाही तर विषय संपला अशी अवस्था. आणि टीममध्ये सुनील छेत्री, भारतासाठी सगळ्यात जास्त गोल मारलेला माणूस, वय ४१, जो वर्षभरापूर्वी रडत रडत रिटायर झालेला.

दादा तेवढ्यासाठीच येत होता. "ह्यो माणूस परत इलो कसो, ता बघूचा आसा माका," एवढंच म्हणाला आणि पुढे म्हापशापर्यंत गप्प.

मला हे प्रकरण नीट लिहून काढायचं होतं कारण छेत्रीच्या कमबॅकवर लोक दोनच प्रकारे बोलतात. एक तर लेजेंड म्हणून हात जोडतात, नाहीतर काय ही आपल्या फुटबॉलची दशा, चाळिशीतला माणूस परत आणावा लागतो म्हणून कपाळावर हात मारतात. माझं म्हणणं दोन्हीपेक्षा वेगळं आहे आणि त्यात माझा स्वतःचाही थोडा दोष येतो, तो पुढे सांगतोच.

आधी काय झालं होतं

छेत्रीने भारतासाठी पहिला गोल मारला तो जून २००५ मध्ये, पाकिस्तानविरुद्ध, क्वेट्टात, तेव्हा माझा पुतण्या जन्मालाही आला नव्हता. तिथपासून ६ जून २०२४ पर्यंत १५१ मॅच, ९४ गोल. शेवटची मॅच कोलकात्यात सॉल्ट लेकवर, कुवेतशी, ०-०. जिंकलो असतो तर वर्ल्ड कप क्वालिफायरच्या तिसऱ्या राउंडचा दरवाजा बराच उघडला असता, पण गोल काही झाला नाही. मॅच संपल्यावर दोन्ही बाजूला खेळाडू उभे राहिले आणि तो मधून डोळे पुसत गेला. आम्ही ती घरी टीव्हीवर बघितली, बाहेर पहिला पाऊस, लाईट दोनदा गेली.

आता २०२४ चं पूर्ण वर्ष बघा. भारताने त्या वर्षात ११ मॅच खेळल्या आणि एकही जिंकली नाही. जानेवारीत आशियाई कपच्या तिन्ही हरलो आणि तिन्हीत मिळून शून्य गोल. मग अफगाणिस्तान, एक बरोबरी आणि एक हार. मग कुवेत. मग कतार, जिथे बाहेर गेलेला बॉल आत धरून आपल्यावर गोल दिला गेला आणि त्यानंतर कोच इगोर स्टिमॅचला काढलं. मग मनोलो मार्केझ आला, जो तेव्हा एफसी गोवाचाही कोच होता, म्हणजे एकाच वेळी दोन्ही संसार. त्याच्या पहिल्या चार मॅच, मॉरिशस ०-०, सीरिया ०-३, व्हिएतनाम १-१, मलेशिया १-१. वर्षभरात एकूण गोल चार. अकरा मॅचमध्ये चार! आणि त्यातला एक गुवाहाटीत छेत्रीनेच पेनल्टीवर मारलेला.

हीच टीम २०२३ मध्ये इंफाळ, भुवनेश्वर आणि बंगळुरूत तीन छोट्या टूर्नामेंट जिंकून रँकिंगमध्ये शंभरच्या आत गेली होती हे आज कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल.

दुसरीकडे रिटायर झालेला माणूस काय करत होता? बेंगळुरू एफसीसाठी गोल मारत होता. डिसेंबर २०२४ मध्ये केरला ब्लास्टर्सविरुद्ध हॅट्ट्रिक, वयाच्या चाळिशीत. मार्च उजाडेपर्यंत सीझनमध्ये १२ गोल, सीझन संपला तेव्हा १४, आणि भारतीय खेळाडूंमध्ये त्याच्या जवळपासही कोणी नाही. याचं कारण आपल्या लीगच्या रचनेतच आहे. मैदानात चार परदेशी चालतात आणि क्लब पैसे मोजतो तो गोल मारणाऱ्यावरच, मग नऊ नंबरची, म्हणजे मुख्य स्ट्रायकरची जागा बहुतेक ठिकाणी परदेशी घेतो आणि आपला पोरगा विंगला सरकतो, नाहीतर बाकावर. बेंगळुरूत ती जागा छेत्रीच्या नावावर राहिली.

६ मार्चचा निर्णय

६ मार्च २०२५, म्हणजे त्या कुवेत मॅचला बरोबर नऊ महिने. फेडरेशनने जाहीर केलं की छेत्री परत येतोय. शिलाँगला १९ तारखेला मालदीवशी मैत्रीपूर्ण मॅच आणि २५ ला बांगलादेशशी क्वालिफायर, त्यासाठी.

मनोलोच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मार्चच्या त्या टीममध्ये छेत्री सोडला तर देशासाठी दहा गोल असलेला एक माणूस नव्हता. दहा! तुमच्याकडे पंधरा दिवस आहेत, एकही मॅच जिंकलेली नाही, क्वालिफायर दारात, आणि ज्या एकाला गोल कसा मारायचा हे माहितीये तो दर आठवड्याला टीव्हीवर गोल मारताना दिसतोय, फक्त कागदोपत्री रिटायर आहे. मी असतो तर मीही फोन केला असता. त्यामुळे नॉस्टॅल्जिया म्हणून त्याला आणलं असं जे बोललं जातं ते मला पटत नाही, फॉर्मवरच आणलं, आणि फॉर्मवर बघितलं तर तो पहिल्या नंबरला होता यात वादच नाही.

वाद पुढे आहे.

शिलाँगची रात्र

१९ मार्च. शिलाँगमध्ये भारताच्या सीनियर पुरुष टीमची पहिलीच आंतरराष्ट्रीय मॅच, लोक पेटलेले. पहिला गोल राहुल भेकेचा, आपल्या मुंबईचा, तोही तेव्हा ३४ वर्षांचा. दुसरा आपल्या शेजारच्या गोव्याच्या लिस्टन कोलासोचा. दोन्ही हेडर. आणि मग शेवटच्या पंधरा मिनिटांत तिसरा.

हा तिसरा गोल मी मोबाईलवर किती वेळा बघितला असेन कोण जाणे. लिस्टन डावीकडे बॉल घेऊन उभा. छेत्री आधी डिफेंडरच्या मागे, म्हणजे डिफेंडरला तो दिसतच नाही, आणि लिस्टनने पाय उचलला की मग हा हलतो, त्याआधी नाही. उंची बघायला गेलं तर साधारण माणसाएवढी, साडेपाच फुटाच्या जरासा वर, पण डोक्यावर बॉल आला तेव्हा आजूबाजूला कोणी नव्हतं. जोर लावलाच नाही, नुसती दिशा दिली. ३-०. देशासाठी ९५ वा गोल. भारत ४८९ दिवसांनी जिंकला होता.

दादाने तो व्हिडिओ बघून एकच गोष्ट विचारली. "पण बॉल दिल्यानी कोणी?" मी म्हटलं लिस्टनने. "मगे लिस्टनाक बघ."

तेव्हा मी हसलो होतो. आता वाटतं सगळं प्रकरण त्या एका वाक्यात आहे.

कारण मालदीव ही आपल्यापेक्षा बरीच खालची टीम, त्यांच्याविरुद्ध क्रॉस टाकायला वेळही मिळतो आणि जागाही. सहा दिवसांनी बांगलादेश आलं, हमझा चौधरी नावाचा इंग्लंडमध्ये वाढलेला मिडफिल्डर पहिल्यांदाच त्यांच्याकडून खेळत होता, आणि आपल्याला मधून बॉल पुढे नेता येईना. ०-०. उलट सुरुवातीलाच आपल्या गोलकीपरच्या चुकीने त्यांनाच चान्स मिळालेला. जूनमध्ये थायलंडशी ०-२. मग १० जूनला हाँगकाँगमध्ये, छेत्री दुसऱ्या हाफमध्ये आला, मॅच ०-० चालू होती आणि अगदी शेवटच्या जादा मिनिटांत पेनल्टी, ०-१. जुलैत मनोलो गेला. त्याच महिन्यात रँकिंग १३३.

खालिद जमीलचा पेच

हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो आणि यावर कोणी फारसं बोलत नाही. ऑगस्टमध्ये खालिद जमील कोच झाला, आयझॉलसारख्या टीमला २०१७ मध्ये आय-लीग जिंकून दिलेला माणूस, मागे घट्ट बसायचं आणि मिळालेला एक चान्स सोडायचा नाही ही त्याची पद्धत. ताजिकिस्तानात काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातल्या देशांची टूर्नामेंट होती, तिथे त्याने छेत्रीला नेलंच नाही. आणि काय झालं? पहिल्याच मॅचला यजमान ताजिकिस्तानला २-१ हरवलं, इराणकडून ०-३ खाल्ले, अफगाणिस्तानशी ०-०, आणि तिसऱ्या नंबरच्या मॅचमध्ये ओमानला १-१ नंतर पेनल्टीवर हरवलं. ओमानला! तिसरा नंबर.

म्हणजे छेत्रीशिवाय टीम चालली. सुंदर नाही खेळली, पण चालली.

आणि तरीही ऑक्टोबरमध्ये सिंगापूरच्या दोन मॅचसाठी छेत्री परत टीममध्ये. का? इथे खालिदला दोष देणं सोपं आहे पण एक गोष्ट लक्षात घ्या, ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे लीग सुरूच झाली नव्हती. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आलेला, नवीन होत नव्हता, एरवी सप्टेंबरमध्ये सुरू होणारा सीझन लटकलेला. म्हणजे कोण फॉर्मात आहे हे बघायला मॅचच नाहीत. अशा वेळी कोच ओळखीच्या माणसाकडे जातो, कोणीही जाईल. मार्चमध्ये छेत्री आला तो त्याच्या १२ गोलांवर, ऑक्टोबरमध्ये आला तो नावावर, दोन्ही वेळी माणूस तोच पण निर्णय एक नव्हे.

९ ऑक्टोबरला सिंगापूरमध्ये १-१. आपला डिफेंडर संदेश झिंगनला दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच रेड कार्ड, दहा जणांनी खेळलो, आणि ९० व्या मिनिटाला त्यांच्या डिफेंडरचा चुकीचा बॅकपास रहीम अलीने पकडून गोल केला. नशीब.

माझा दोष

आता इथे जरा आमच्या वाडीत येतो, कारण त्याशिवाय फातोर्ड्याची रात्र समजणार नाही.

आमच्या पट्ट्यात क्रिकेटच जास्त, अंडरआर्म, लाईटच्या उजेडात, पण गोव्याची हद्द जवळ म्हणून फुटबॉलही आहे. भात कापून झालं की कुणग्यांतले, म्हणजे भाताच्या खाचरांतले बांध फोडून सपाट करायचे, चार पोफळी आणून पोस्ट उभे करायचे, आडवा बांबू, आणि सातजणांची टूर्नामेंट. टीम मी बघतो. म्हणजे बूट कोणाचे फाटले, टेम्पो किती वाजता, आणि सात कोण.

दोन वर्षांपूर्वी आम्ही लागोपाठ चार मॅच हरलो. गोलच होईना. तेव्हा मी दादाला सांगितलं की ये. दादा पूर्वी आमच्याकडचा जबरदस्त स्ट्रायकर, गोव्यातल्या क्लबवाल्यांनी विचारलेला माणूस, पण तेव्हा चाळिशी ओलांडलेली, गुडघा धरायचा. तो आला. पहिल्या मॅचला एकच गोल मारला, हेडरने, आणि आम्ही जिंकलो, वाडीत नुसता धिंगाणा. बूट काढता काढता म्हणाला, "माका बोलावलास म्हणान इलंय, धावूक मातर सांगू नको."

पुढच्या मॅचपासून काय झालं ते सांगतो. पोरं धावायची बंद झाली. बंद म्हणजे, बॉल मिळाला की मान वर करून दादा कुठाय बघायची आणि तिकडे टोलवायची. अर्ध्या मैदानातून. दादा एकटा, त्याच्या अंगावर दोघे. आधी हरत होतो तेव्हा निदान प्रत्येकजण काहीतरी करून बघायचा, आता सगळ्यांची जबाबदारी एका माणसाच्या डोक्यावर. सेमीफायनलला गेलो नाहीच. मी दादावर चिडलो, की तू कुठे होतास रे पूर्ण हाफ, तर तो शांतपणे, "बॉल माझ्याकडे येवकच नाय तर मी काय करतलंय?"

आणि या सगळ्यात माझा पुतण्या, जो खरा फॉरवर्ड, तेव्हा १७ वर्षांचा, त्याला मी डावीकडे मागे खेळवत होतो. कारण पुढे दादा होता. एकदाच त्याने विचारलं, "काका, मी पुढे खेळू काय?" मी म्हटलं पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळीही दादाच होता.

तर खालिद जमील, मनोलो मार्केझ वगैरे मोठ्या नावांवर मी जे काही बोलतोय ते मी स्वतः सात जणांच्या टीममध्ये, कुणग्यात, दोन वर्षं करून बसलोय.

बाहेरच्या गोष्टी, थोडक्यात

जगात असे कमबॅक झालेत. झिदान २००४ मध्ये थांबला, फ्रान्स क्वालिफायरमध्ये अडकली, २००५ मध्ये तो परत आला आणि सोबत थुराम आणि माकेलेलेही, २००६ ची फायनल गाठली. टोनी क्रूस २०२१ ला थांबला, २०२४ मध्ये आला, जर्मनीसाठी पहिल्याच मॅचला फ्रान्सविरुद्ध किकऑफवरून त्याच्या पासवर सात सेकंदांत गोल झाला, आणि युरोनंतर परत घरी. दोघेही बॉल देणारे लोक. त्यांना परत आणलं की अख्ख्या टीमचा बॉल सुधारतो.

गोल मारणाऱ्याचं उदाहरण बघायचं तर रॉजर मिला. कॅमेरूनचा, ३८ वर्षांचा, रियुनियन बेटावर खेळत होता, खुद्द राष्ट्राध्यक्षांनी सांगून त्याला १९९० च्या वर्ल्ड कपला नेलं. चार गोल मारले, दोन रोमानियाला, दोन कोलंबियाला, कॉर्नरच्या झेंड्याजवळ जाऊन नाचला, टीम क्वार्टरफायनलला. पण त्याने ते चारही गोल सबस्टिट्यूट म्हणून मारले. आधी बाकीच्यांनी तासभर धावून, ढकलून, कार्ड खाऊन समोरच्याला दमवायचं आणि मग हा ताजा येणार. म्हाताऱ्याची वेळ कुठली आणि पोरांची कुठली हे ठरलेलं होतं. चार वर्षांनी १९९४ मध्ये ४२ व्या वर्षी त्याने रशियाविरुद्ध परत गोल मारला, वर्ल्ड कपमधला सगळ्यात वयस्कर गोल, आणि कॅमेरून ती मॅच ६-१ हरलं. रेकॉर्ड आठवतो लोकांना, ६-१ कोणी आठवत नाही.

आपल्याकडे छेत्री कधी येणार, किती वेळ, आणि त्याला बॉल कोण देणार, हे मार्च ते ऑक्टोबर या सात महिन्यांत एकदाही ठरलेलं दिसलं नाही. सहा मॅच खेळला तो कमबॅकनंतर. एक विजय, दोन बरोबरी, तीन हार.

फातोर्डा

परत त्या मंगळवारी. स्टेडियमबाहेर ऑम्लेट पाव, रस ऑम्लेट, गर्दीत कोंकणी, मराठी, मल्याळी सगळं. एक गंमत, अर्ध्या लोकांचं बोलणं आजच्या मॅचबद्दल नव्हतंच, पुढच्या आठवड्यात याच मैदानावर एफसी गोवाविरुद्ध अल नासर, म्हणजे रोनाल्डोचा सौदीतला क्लब, अशी मॅच होती आणि रोनाल्डो येणार की नाही यावर पैजा चाललेल्या. (नाही आला.) रोनाल्डो छेत्रीपेक्षा सहा महिन्यांनी लहान, हे मी पुतण्याला सांगितलं तर त्याने इयरफोन काढून परत विचारलं.

१४ व्या मिनिटाला आपल्या छांगटेने लांबून असा मारला की आम्ही बाकड्यावर उभे. १-०. मग हळूहळू टीम मागे सरकली. हाफ टाइमच्या तोंडावर, ४४ व्या मिनिटाला, सिंगापूरच्या सॉन्ग उई-यंगने बरोबरी केली. दुसऱ्या हाफमध्ये ५८ व्या मिनिटाला परत तोच. १-२. उरलेला अर्धा तास आम्ही घड्याळच बघत होतो.

मी ठरवून बॉलपेक्षा छेत्रीकडे बघत होतो. टीव्हीवर हे दिसत नाही. बॉल नसताना माणूस काय करतो ते बघायला मैदानातच जावं लागतं, आणि दादा शेजारी बसून हळू आवाजात कॉमेंटरी देत होता, आता पुढच्या पोस्टला जाईल, आता मागे थांबेल, बघ हात केला. दादाला ते आतून कळत होतं. अंगाला माहिती असतं कुठे जायचं, फक्त तिथे बॉल आला पाहिजे.

घरी आल्यावर मी कागद घेऊन बसलो. छेत्री परत आल्यावर त्याच्या सहा मॅचमध्ये भारताने एकूण पाच गोल केले. त्यातले तीन एकट्या मालदीवला, तिन्ही हेडर. उरलेल्या पाच मॅचमध्ये दोन. त्यातला एक समोरच्याच्या चुकीच्या बॅकपासवर आणि दुसरा छांगटेने लांबून मारलेला. म्हणजे ज्या कामासाठी चाळिशीचा माणूस परत आणला, बॉक्समध्ये उभं राहून क्रॉसवर गोल करणं, त्या पद्धतीचा एकही गोल शिलाँगच्या त्या पहिल्या रात्रीनंतर झालाच नाही, कोणाकडूनही. आजार होता बॉल पोचत नाही हा, औषध दिलं गोल मारणाऱ्याचं.

छेत्री वाईट खेळला असं मी म्हणणार नाही. म्हातारा झाला असंही नाही. त्याच सीझनमध्ये त्याने क्लबसाठी १४ मारलेत, कारण तिथे त्याला रोज ओळखणारे लोक रोज बॉल देत होते. देशाच्या टीमला कॅम्पचे जेमतेम आठ-दहा दिवस. मग मार्चमध्ये काय करायला हवं होतं? मला वाटतं त्याला बोलवायचंच, पण शेवटच्या अर्ध्या तासासाठी, मिलासारखं, आणि सुरुवातीला पोराला, भले तो चुकेल. थायलंडची मैत्रीपूर्ण मॅच तर नक्कीच एखाद्या पंचविशीच्या आतल्या स्ट्रायकरला द्यायची, तिथे हरून काही बिघडत नव्हतं, हरलोच शेवटी. आणि काफामध्ये जी टीम तिसरी आली तिला ऑक्टोबरमध्ये हात लावायचा नाही. हे आता बोलणं सोपं आहे हे मलाही कळतं. तेव्हा शिलाँगच्या ३-० नंतर कोणी छेत्रीला बाकावर बसवलं असतं तर पहिला दगड मीच मारला असता.

क्लबांचा सुपर कप गोव्यातच २५ ऑक्टोबरला सुरू झाला, म्हणजे आपण बाहेर पडल्यावर अकरा दिवसांनी. खेळाडूंना मॅच मिळाल्या पण कधी, तर बैल गेला आणि झोपा केला. नोव्हेंबरमध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१, तेव्हा छेत्री टीममध्ये नव्हता. १५७ मॅच, ९५ गोल. पहिल्या निरोपानंतर या आकड्यात भर पडली ती सहा मॅच आणि एका गोलाची.

फातोर्ड्याहून परत येताना झुआरी पुलावर दादाने गाडी हळू केली. पुतण्या मागे झोपलेला. मी विचारलं, काय वाटलं तुला छेत्रीबद्दल. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तेका बोलावल्यानी तो इलो. ना म्हणूक जमना नाय रे." आणि थोड्या वेळाने, "माका पण जमलला नाय."

जानेवारीत आमची टूर्नामेंट झाली. या वेळी मी दादाला फोन केला नाही. तो तरीही आला, प्लास्टिकच्या पिशवीत बूट घेऊन, आणि बांधावर बसला, बूट पिशवीतच. पुढे पुतण्या. पहिल्या हाफमध्ये त्याने दोन सोपे चान्स घालवले, एक तर रिकाम्या पोस्टसमोरून पोफळीवर मारला, अख्खी वाडी माझ्याकडे बघायला लागली. मी बांधाकडे बघितलं नाही. दुसऱ्या हाफला कॉर्नर मिळाला तेव्हा मागून दादाचा आवाज आला, माझ्यासाठी नव्हता तो.

"पुढच्या पोस्टाक जा रे झिला, मागे कित्याक रवतंस!"